ग्लुकोज ऑक्सिडेज–कॅटॅलेजचा कॅन घेताना कॅटॅलेज आधी बघा

ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक ऍसिड किंवा त्याचा सोडियम क्षार, म्हणजे सोडियम ग्लुकोनेट, बनवण्यासाठी ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटॅलेज या दोन एन्झाइमांचं मिश्रण विकत मिळतं. कॅन मागवताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, युनिट किती? पुरवठादारही तेवढंच सांगतो, ग्लुकोज ऑक्सिडेजचं युनिट. सोडियम ग्लुकोनेट करणाऱ्यासाठी हा आकडा दुय्यम आहे. कॅन चांगला की वाईट हे त्यातल्या कॅटॅलेजवर ठरतं, आणि बॅच वेळेत संपणार की रखडणार हे टाकीत किती ऑक्सिजन विरघळतो त्यावर. खाली तीन रूपांचं परीक्षण आहे: द्रव मिश्रण, बेकरीसाठीची दाणेदार पावडर आणि मण्यांवर बसवलेलं एन्झाइम. निकाल आधीच सांगतो. द्रव मिश्रण घ्या, पावडर फक्त प्रयोगापुरती ठेवा, मणी घेऊ नका.

ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीचं एन्झाइम. १९२८ मध्ये डेटलेव्ह म्युलर यांनी ते ॲस्परजिलस नायजरमध्ये दाखवलं आणि आजही बाजारातला बराचसा माल त्याच बुरशीपासून येतो. ते ग्लुकोजवर हवेतला ऑक्सिजन वापरून ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन बनवतं. लॅक्टोन पाण्यात आपोआप उघडून ग्लुकॉनिक ऍसिड होतं. अडचण सोबतच्या उत्पादनाची आहे. ग्लुकोजच्या दर रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू निघतो आणि तो दोन्ही एन्झाइमांना मारतो. कॅटॅलेज त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणजे वापरलेल्यापैकी निम्मा ऑक्सिजन परत मिळतो. कॅटॅलेज मेलं तर एका दगडात दोन नुकसानं होतात: पेरॉक्साइड साचतं आणि ऑक्सिजनची गरज दुप्पट होते.

आता युनिटचा हिशोब. ग्लुकोज ऑक्सिडेजचं एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल ग्लुकोज. लिटरला ३०० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे १.६७ मोल, २० तासांत संपवायचं तर मिनिटाला साधारण १,३९० मायक्रोमोलचा वेग हवा. कागदावर लिटरला १,३९० युनिट पुरेत. प्रत्यक्षात त्याच्या तीन ते पाच पट घालावं लागतं, कारण टाकीत ऑक्सिजन कमी असतो, एन्झाइम अर्ध्या वेगानेही चालत नाही आणि तासागणिक थोडं थोडं मरतं. ग्लुकोजच्या ग्रॅममागे १५ ते २५ युनिट ही सुरुवातीची मात्रा धरा.

कॅटॅलेजच्या युनिटची गोष्ट वेगळी आणि तिथेच लोक फसतात. त्याचं युनिटसुद्धा मिनिटाला एक मायक्रोमोल पेरॉक्साइड असंच असतं, पण ते मोजतात पेरॉक्साइड सुमारे १० मिलिमोलर असताना. टाकीत आपल्याला पेरॉक्साइड अर्ध्या मिलिमोलरच्या, म्हणजे लिटरला १७ मिलिग्रॅमच्या, आत ठेवायचं असतं. इतक्या कमी प्रमाणात कॅटॅलेजचा वेग पेरॉक्साइडच्या प्रमाणात घसरतो आणि छापील क्षमतेच्या जेमतेम विसाव्या भागावर येतो. म्हणून मिनिटाला १,३९० मायक्रोमोल पेरॉक्साइड निपटायला लिटरला सुमारे २८,००० युनिट कॅटॅलेज लागतं. कॅनवर दोन्ही आकडे सारखे दिसले, किंवा कॅटॅलेजचा आकडाच नसला, तर तो कॅन या कामाचा नाही. काही पुरवठादार ग्लुकोज ऑक्सिडेज सॅरेट युनिटमध्ये आणि कॅटॅलेज बेकर युनिटमध्ये देतात. सॅरेट युनिट मिनिटाला शोषलेल्या ऑक्सिजनच्या आकारमानावर मोजतात, बेकर युनिट ठरावीक चाचणीत फुटलेल्या २६४ मिलिग्रॅम पेरॉक्साइडवर. या दोन आकड्यांचा भागाकार करून गुणोत्तर काढू नका, त्याला अर्थ नाही. दोन्ही मायक्रोमोलमध्ये लेखी मागा.

लेखी उत्तर आलं तरी बीकरमध्ये पडताळा घ्या. त्याला अर्धा दिवस आणि किरकोळ खर्च लागतो. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच), तापमान ३० अंश, पीएच ५.५, हवेसाठी फिश टँकचा पंप आणि बारीक बुडबुडे सोडणारा त्याचा दगड, खाली मॅग्नेटिक ढवळणी. साखर विरघळल्यावर किमान दोन तास थांबा. डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेटचे खडे अल्फा रूपात असतात आणि हे एन्झाइम जवळजवळ फक्त बीटा रूप खातं. अल्फावर त्याचा वेग बीटाच्या एक टक्क्याहूनही कमी. पाण्यात ठेवल्यावर साखर हळूहळू ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटावर स्थिरावते. तिथे पोचण्याआधी मोजलं तर चांगलं एन्झाइमही मंद दिसतं. मग ५० युनिट भरेल इतकं एन्झाइम टाका आणि पीएच ५.५ वर धरून ठेवण्यासाठी ०.१ नॉर्मल कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) किती जातं ते मोजा. पहिला अर्धा तास सोडून द्या, लॅक्टोन उघडायला वेळ लागतो. त्यानंतर तासाला ३० मिलिलिटरच्या आसपास कॉस्टिक गेलं तर छापील युनिट खरं. पुरवठादाराची चाचणी वेगळ्या तापमानाला झालेली असू शकते, म्हणून हा आकडा एका कॅनची दुसऱ्याशी तुलना करायला वापरा.

तासाभराने त्याच बीकरमध्ये पेरॉक्साइडची पट्टी (रंगावरून प्रमाण सांगणारी) बुडवा. सगळ्या परीक्षणात आमच्या मते सर्वांत उपयोगी चाचणी हीच. मात्रा थोडी कमी-जास्त झाली तरी पट्टीवरचा आकडा फारसा हलत नाही, कारण पेरॉक्साइड बनवणारं आणि फोडणारं, दोन्ही एकाच कॅनमधून एकाच प्रमाणात आलेलं असतं. पट्टी थेट गुणोत्तर सांगते. लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कॅन उत्तम. १० ते २५ मध्ये चालेल, पण लांब बॅचला दमेल. २५ च्या वर गेला तर कॅटॅलेज वेगळं विकत घेऊन मिसळावं लागेल, आणि तो खर्च कॅनच्या किमतीत धरूनच सौदा करा.

बेकरीच्या दाणेदार पावडरीला इथे कमी गुण पडतात. पिठात हे एन्झाइम घालतात ते पेरॉक्साइडने ग्लुटेन घट्ट व्हावं म्हणून, त्यामुळे त्यात कॅटॅलेज मुद्दाम कमी ठेवलेलं असू शकतं. तिथे जो गुण, तो टाकीत दोष. शिवाय दाण्यात गव्हाचं पीठ किंवा स्टार्च वाहक म्हणून असतो. तो टाकीत गढूळपणा आणतो आणि फिल्टर लवकर चोंदतो. पावडर उडते, आणि एन्झाइमची धूळ फुप्फुसात वारंवार गेली तर दम्यासारखी ॲलर्जी कायमची जडू शकते. ती हाताळताना साधा कापडी मास्क पुरत नाही.

मण्यांवर बसवलेल्या एन्झाइमचं आकर्षण समजण्यासारखं आहे. एकदा घ्या, महिनोन्महिने वापरा. ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणाऱ्या आयसोमरेजमध्ये हे तंत्र जगभर यशस्वी झालं, पण त्या क्रियेला ऑक्सिजन लागत नाही. इथे ऑक्सिजन मण्याच्या पोटापर्यंत झिरपत नाही, त्यामुळे फक्त बाहेरचा थर काम करतो. तिथे तयार झालेलं पेरॉक्साइड लगेच बाहेर पडत नाही आणि एन्झाइमला जागच्या जागी मारतं. हवेचे बुडबुडे आणि ढवळणीचं पातं यांत मणी झिजतात ते वेगळंच. पुनर्वापर हवाच असेल तर द्रव एन्झाइम वापरून शेवटी १० ते ३० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनमधून गाळा. ग्लुकोज ऑक्सिडेज सुमारे १६० किलोडाल्टनचं असतं, कॅटॅलेज त्याहून मोठं. दोन्ही मागे राहतात, ग्लुकोनेट पुढे जातं. दरवेळी थोडं ताजं एन्झाइम घालावं लागतं.

एन्झाइम कितीही चांगलं असलं तरी साखर चुकली तर पैसे बुडाले. बाजारात 'लिक्विड ग्लुकोज' नावाने जे चिकट सिरप मिळतं ते मिठाईवाल्यांचं. त्याचं डीई (स्टार्च किती फुटून ग्लुकोजकडे गेला त्याचं माप, शुद्ध ग्लुकोजचं १००) ४० च्या आसपास असतं, म्हणजे बराचसा भाग माल्टोज आणि डेक्स्ट्रिन. हे एन्झाइम त्यांना जवळजवळ शिवत नाही. डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट घ्या किंवा ९५ डीईच्या वरचं सिरप. उसाच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो, साखर किंवा उसाचा रस वापरला तर? साखर आधी इन्व्हर्टेजने फोडावी लागते आणि फोडल्यावर निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो जसाच्या तसा उरतो आणि ग्लुकोनेटपासून वेगळा काढण्याचा खर्च साखर स्वस्त पडल्याचा फायदा खाऊन टाकतो. मक्याच्या स्टार्चपासूनचं डेक्स्ट्रोज हाच सरळ मार्ग.

आता १,००० लिटरच्या बॅचचे आकडे. डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट ३३० किलो, त्यात निर्जल ग्लुकोज ३०० किलो. द्रावण ८० अंशांवर अर्धा तास धरा. यीस्ट मरतं आणि अल्फा-बीटाचा तोलही साधला जातो. मग ३० अंशांवर आणा. पूर्ण रूपांतराला ६६.६ किलो शुद्ध कॉस्टिक लागतं. बाजारातली ४८ टक्क्यांची लाय (कॉस्टिकचं द्रावण) असेल तर १३९ किलो, म्हणजे ९२ लिटरच्या आसपास. ऑक्सिजन २६.६ किलो. हवेतल्या ऑक्सिजनचा पाचवा भाग विरघळतो असं धरलं तर २० तास तासाला सुमारे २४ घनमीटर हवा सोडावी लागते. हाती येणारं सोडियम ग्लुकोनेट जास्तीत जास्त ३६३ किलो. कॉस्टिकने आकारमान वाढतं आणि प्रथिनाचा फेस येतो, म्हणून टाकी दीड हजार लिटरची तरी हवी. फेसासाठी सिलिकॉनचं औषध थेंबाथेंबाने घाला. जास्त झालं की बुडबुडे मोठे होतात आणि ऑक्सिजन विरघळायचं प्रमाण पडतं.

सगळा खेळ इथेच अडतो. ३० अंशांवर हवेशी समतोल असलेल्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, दाट साखरेच्या द्रावणात त्याहूनही कमी, सहा धरा. वर सांगितलेला वेग गाठायला तासाला लिटरमागे १,३३० मिलिग्रॅम विरघळायला हवा. द्रावणात दोन मिलिग्रॅम टिकवायचे तर ओढ, म्हणजे मावणारा आणि टिकवलेला यांतला फरक, उरते चारची. म्हणजे टाकीचा केएलए (हवेतून द्रवात ऑक्सिजन पोचवण्याच्या वेगाचं माप) तासाला ३३० च्या वर हवा. साध्या ढवळणीच्या टाकीला हे जड जातं. वरून एक बार जादा दाब दिला की मावणारा ऑक्सिजन दुप्पट होतो आणि १५० च्या केएलएमध्ये काम भागतं. पण मग टाकी त्या दाबासाठी बनवलेली आणि तपासलेली हवी, सेफ्टी व्हॉल्व्हसह. दाब देता येत नसेल आणि केएलए १०० च्या आसपास असेल तर ३०० ग्रॅमची बॅच ६६ तास रेंगाळेल, तेवढ्यात एन्झाइम मरेल आणि यीस्ट शिरेल. अशा टाकीत साखर लिटरला १५० ग्रॅमवर आणा. ३३ तासांत संपते. जास्त एन्झाइम घालून ही उणीव भरून निघत नाही. पुरवठादाराचा माणूस 'डोस वाढवा' म्हणाला तर आधी त्याला ऑक्सिजन प्रोबचा आकडा दाखवा.

तापमान वाढवून वेग मिळवण्याचा मोहही टाळा. ऑक्सिजन कमी विरघळतो आणि एन्झाइमचं आयुष्य घटतं. ही क्रिया उष्णता सोडते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणीच तिशी ओलांडतं. जॅकेटला चिलर जोडावा लागेल हे आधीच धरून चला.

कॉस्टिक पृष्ठभागावर ओतू नका. जिथे धार पडते तिथे पीएच क्षणभर तेराच्या पुढे जातो आणि त्या पट्ट्यातलं एन्झाइम कायमचं जातं. शिवाय अल्कलीमध्ये ग्लुकोजचं थोडं फ्रुक्टोज होतं, ते परत येत नाही, आणि द्रावण तपकिरी पडतं. नळी पात्याच्या अगदी जवळ उघडा आणि लाय ३० टक्क्यांवर आणून सोडा. पाणी वाढतं, पण एन्झाइम वाचतं. पीएच ५.५ ते ६.० मध्ये ठेवा. सोडा ॲश स्वस्त वाटतो, पण त्याचा कार्बन डायऑक्साइड फेस उसळवतो आणि जाताना विरघळलेला ऑक्सिजनही घेऊन जातो. वाटेत पितळी व्हॉल्व्ह नको, तांबं या एन्झाइमला मारक आहे. टाकी हायपोक्लोराइटने धुतली असेल तर शेवटच्या पाण्यात क्लोरीनची पट्टी कोरी आली पाहिजे.

बॅच मंदावली की दोन मीटर एकत्र वाचा. कॉस्टिक कमी जातंय आणि विरघळलेला ऑक्सिजन शून्याजवळ आहे, तर हवा कमी पडतेय. कॉस्टिक कमी जातंय आणि ऑक्सिजन वर चढतोय, तर एकतर साखर संपली किंवा एन्झाइम मेलं. आतापर्यंत गेलेलं कॉस्टिक हिशोबाच्या ९८ टक्क्यांवर असेल तर साखर संपली. ६० टक्क्यांवर असेल तर पेरॉक्साइडची पट्टी बुडवा, कारण बहुधा तिथेच सापडेल. कॉस्टिक कमी, ऑक्सिजन कमी आणि झाकण उघडताच ताडीसारखा वास, तर यीस्ट. ती बॅच ८० अंशांवर नेऊन थांबवा.

उरलेली साखर मोजायला पॅथॉलॉजी लॅबचं जीओडी-पीओडी किट पुरतं. तेही ग्लुकोज ऑक्सिडेजने पेरॉक्साइड बनवून त्यावरूनच साखर मोजतं. लिटरला एक ग्रॅम म्हणजे किटच्या भाषेत १०० मिलिग्रॅम टक्के, पातळ न करता वाचता येतं. मात्र नमुना काढताक्षणी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरा. नाहीतर बाटलीत एन्झाइम साखर खातच राहतं आणि सोबतचं कॅटॅलेज किटमधलं पेरॉक्साइडही फोडतं. दोन्हींमुळे आकडा खोटा कमी येतो आणि अर्धी राहिलेली बॅच पूर्ण झाल्यासारखी दिसते.

पुढची प्रक्रिया ग्राहकावर आहे. काँक्रीटच्या ॲडमिक्श्चरवाल्याला मंदक म्हणून, म्हणजे काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून, पाणीदार ग्लुकोनेट चालतं. एन्झाइम उकळून मारा, गाळा, घनता जुळवा, झालं. थोडं डेक्स्ट्रिन उरलं तरी तो तक्रार करत नाही, पण बॅचनुसार फरक पडला तर करतो. बाटल्या धुणाऱ्या कॉस्टिकमध्ये घालायला पावडर हवी असते, त्यासाठी कार्बन, गाळणी आणि स्प्रे ड्रायर. औषधाच्या दर्जाचं कॅल्शियम ग्लुकोनेट करायचं तर चुन्याची प्रक्रिया वेगळी बसवावी लागते. ३० अंशांवर ते पाण्यात जेमतेम ४ टक्के विरघळतं आणि टाकीत गाळ धरतं, म्हणून साखरही १५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. या तिघांपैकी पहिल्यासाठी हे एन्झाइम छोट्या कारखान्यालाही परवडण्यासारखं आहे.

कॅन ४ ते ८ अंशांवर ठेवा, गोठवू नका. एप्रिल-मेमध्ये माल उघड्या ट्रकमधून आला तर घेण्याआधी बीकर चाचणी करा, नंतर नाही. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि दर महिन्याला तीच चाचणी घ्या. कॉस्टिकचा आकडा पाचव्या भागाने उतरला तर मात्रा तेवढी वाढवून कॅन वापरता येतो. पेरॉक्साइडची पट्टी गडद व्हायला लागली तर मात्रा वाढवून उपयोग नाही, कॅटॅलेजची वेगळी बाटली मागवा.